खंडेनवमीचा हूक

जनार्दनने हूक उचलला तेव्हा त्याच्या मुठीला झेंडूची एक पाकळी चिकटलेली होती. उत्तमला ती दिसली. पुढच्या क्षणी हुकाचं टोक त्याच्या डाव्या खांद्यात शिरलं आणि तो केळ्यांच्या क्रेटवर तोंडघशी पडला. जनार्दनने हूक मागे ओढला. ओढताना सदरा फाटला आणि आतलं मांसही.

"अजून बोल," जनार्दन म्हणाला. "अजून हसव ह्यांना."

आता कोणी हसत नव्हतं.

हे काय होतं ते समजायला आधी हूक समजून घ्यावा लागेल. मस्कतमध्ये अल मवालेहच्या भाजी-फळांच्या बाजारात क्रेट एकावर एक रचून त्यांची चळत करतात. ती चळत हाताने हलत नाही. दीड हात लांब लोखंडी सळई, एका टोकाला वाकवून धार लावलेली, दुसऱ्या टोकाला लाकडी मूठ, हा झाला हूक. तो सगळ्यात खालच्या क्रेटच्या भोकात अडकवायचा आणि सगळी चळत गुळगुळीत फरशीवरून ओढत न्यायची. प्रत्येकाचा हूक ज्याचा त्याचा. मुठीला प्रत्येक जण आपल्या हाताने चिंधी गुंडाळतो, म्हणजे घामाने ती सटकत नाही. उत्तमच्या मुठीला निळी चिंधी होती. साऱ्या गाळ्याला ती ओळखीची होती.

संगमेश्वर, लांजा, राजापूर इकडची सात हिंदू माणसं त्या गाळ्यावर होती आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची पाच मुसलमान. वर्षानुवर्षं त्यांच्यात एक रीत चालत आली होती. खंडेनवमीला सकाळी हे सात जण आपले हूक धुऊन कोल्ड स्टोअरच्या मागच्या खोलीत पाटावर मांडत. कुंकू, अक्षता, बाजारातच मिळालेला झेंडू. त्यानंतर दसरा उजाडेपर्यंत त्या हुकांना हात नाही. त्या दिवशी चळती ओढायचं काम त्या पाचांपैकी इक्बालभाई आणि त्यांची माणसं करत आणि हे सात जण निवडायला नि वजनाला बसत. दोन्ही ईदना नेमकं उलटं. हे कोणी कागदावर लिहिलं नव्हतं, आणि अर्बाबला, म्हणजे ओमानी मालकाला, याचा पत्ताही नव्हता. माल वेळेवर हलला की त्याचं काम झालं.

दोन हजार पंधराच्या खंडेनवमीला सलालाहून केळ्यांचा ट्रेलर चार तास आधीच आला. मॅनेजर कौशिक धावत खाली आला. तिशीचा पोरगा, जन्म मुंबईचा, पण वाढला मस्कतच्याच अल घुब्रात, शिकलाही तिथेच. मराठी बोलताना मध्येच अडखळायचा.

"जनार्दन, सगळे लोक लाव. अर्बाब फोनवर फोन करतोय. यल्ला!"

जनार्दनला फोरमन होऊन दोन महिने झाले होते. तो खोलीत गेला. "उचला रे हूक. पूजा झाली, देवाने बघितली, खलास."

"इक्बालभाई ओढतायत ना," उत्तम म्हणाला. "तासभर उशीर होईल. केळी काय पळून जातात?"

"फोरमन मी हाय, उत्तमदादा."

"हायस की. मी कुठे नाय म्हटलं? पण मी त्याला शिवणार नाय."

तेव्हा जनार्दन पुढे झाला आणि त्याने पाटावरचा स्वतःचा हूक उचलला. तो डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवला. "हा बघा. उचलला. पडलं का आभाळ?"

"आभाळ नाय पडत," उत्तम म्हणाला. "पण तुझ्या बापाने बघितलं असतं तर एक मुस्काटात पडली असती."

सगळे हसले. ट्रेलरवरचा बलुची ड्रायव्हरही, काही न समजता, हसला. आणि जनार्दनने तोच हूक चालवला.

नऊ वर्षांपूर्वी जनार्दनला मस्कतला आणणारा उत्तमच होता. दोघं एकाच वाडीतले. मुठीला चिंधी कशी गुंडाळायची, गाठ तळव्याखाली येऊ द्यायची नाही, हेही त्यानेच शिकवलं होतं.

कौशिकने उत्तमला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. सीटवर रक्त लागू नये म्हणून खाली प्लास्टिक अंथरलं. डॉक्टरला त्याने इंग्रजीत सांगितलं आणि डॉक्टरने लिहिलं. क्रेटवर पडून जखम. अकरा टाके.

कौशिक परत आल्यावर त्याच दुपारी कोल्ड स्टोअरमध्ये आणखी एक गोष्ट घडली. ती एकट्या इक्बालने पाहिली. तो संत्र्यांच्या चळतीमागे होता. कौशिक आणि जनार्दन लोखंडी दरवाज्यापाशी उभे होते.

"तो पोलिसात गेला तर तू जेलमध्ये," कौशिक सांगत होता. "अर्बाब मला पण सोडणार नाही. आपण आधी बोलायचं. त्याने तुला मारलं. समजलं? तुला काहीतरी लागलेलं पाहिजे. Something to show."

जनार्दन दरवाज्याकडे वळला. मग त्याने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि कपाळ आपटलं. धप्प आवाज आला. कौशिकने वाकून पाहिलं.

"लाल झालं फक्त. अजून."

दुसऱ्यांदा आपटलं. तिसऱ्यांदा कातडी फुटली आणि रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. जनार्दन खाली बसला आणि ओकला. कौशिकने त्याच्या तोंडासमोर मोबाईल धरून फोटो काढले. मग तो मागच्या खोलीत गेला, पाटावरचा निळ्या चिंधीचा हूक त्याने उचलला, टोकाशी आणि दांड्यावर लाल लागलेलं पाहिलं आणि हूक तसाच प्लास्टिकच्या पिशवीत घातला. "चांगलं झालं, पुसलं नाही कोणी," असं तो परत येताना म्हणाला. जनार्दन खाली मान घालून बसला होता. त्याने ऐकलं. तो काही बोलला नाही. बोलायचं तर मग पाटावरून हूक कोणी उचलला होता तेही बोलावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी उत्तमची नोकरी गेली.

तिथल्या कायद्यात एक कलम आहे. कामगाराने कामावर मालकाला किंवा वरिष्ठाला मारहाण केली, तर त्याला नोटीस न देता काढता येतं आणि नोकरी संपताना मिळायची रक्कमही द्यावी लागत नाही. उत्तमने लेबर ऑफिसात अर्ज केला तेव्हा कंपनीने उत्तर दिलं ते ह्या कलमावर बोट ठेवून. फोरमनवर हुकाने हल्ला. सोबत जनार्दनच्या कपाळाचा फोटो आणि त्याच दवाखान्याचा दाखला.

उत्तमला पैशापेक्षा ‘हल्ला’ हा एक शब्द झोंबला. अकरा वर्षं त्याने कोणावर हात उचलला नव्हता. ते उत्तर खरं ठरलं तर अकरा वर्षांची सेवा शून्य, आणि गावी जाताना नावापुढे हल्लेखोर. दुसऱ्या कंपनीत जायचं तर हीच कंपनी ना हरकत पत्र देणार नव्हती. म्हणजे तिथल्या नियमाने दोन वर्षं मस्कतला परत पाऊल ठेवता येणार नव्हतं. फोनवर बायकोला, सुगंधाला, त्याने हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुमी? हुकाने? घरात झुरळ निघालं तर मला हाक मारता!" आणि मग ती रडायला लागली.

कंपनीची खोली सुटली होती. इक्बालने त्याला अल अमेरातला आपल्या भाड्याच्या खोलीत नेलं. तिथे इक्बाल आणि बंदरावर काम करणारे त्याच्या गावचे दोघे राहत. चौथी खाट नव्हती, म्हणून उत्तम खाली गादीवर झोपे.

सुनावणी सोमवारी होती. त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी इक्बाल आणि ते दोघे नमाजाला गेले. उत्तम एका हाताने कांदा चिरत होता. दार उघडंच होतं. जनार्दन आत आला. त्याच्याबरोबर दुसऱ्या गाळ्यावरचे दोन हमाल. कपाळावरची खपली काळी पडली होती.

"अर्ज मागे घे, दादा. सही कर, मी निघतो."

"चहा घेणार?"

"सही कर म्हणतो ना!"

"सही केली की मी मारलं असं होतं. मी मारलं का तुला?"

जनार्दनने त्याच्या हातातली सुरी हिसकावून बाहेर फेकली आणि कानशिलात दिली. उत्तम भिंतीवर आदळला. दुसरी, तिसरी. ओठ फुटला, एक दात हलला. उत्तमचा उजवा हात आपोआप वर आला, आणि तेवढ्यात त्याला दाराशी उभा एक हमाल दिसला. त्याने मोबाईल समोर धरला होता. तो मारत नव्हता, शिवी देत नव्हता. नुसता वाट बघत होता.

तेव्हा उत्तमला कळलं. ह्यांना सही नकोच होती. ह्यांना त्याचा उचललेला हात हवा होता. एक ठोसा त्या मोबाईलमध्ये आला की सोमवारी दुसरं काही दाखवायची गरज नव्हती.

तो खाली बसला आणि इक्बालच्या लोखंडी खाटेचा पाय त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"ऊठ! मार की! एक मार!" जनार्दन ओरडला आणि बरगडीत लाथ घातली. "बाप काढतोस ना माझा? मार!"

लाथ. पुन्हा लाथ. खांद्याचे टाके उसवले, सदरा ओला झाला. उत्तमने डोळे मिटले आणि खाटेचा पाय सोडला नाही. जनार्दनने त्याच्या बोटांवर टाच ठेवली आणि सगळा भार दिला. करंगळी मोडल्याचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला.

"सोड तो पाय!"

"नाय."

"सोड, दादा, सोड ना!" जनार्दनचा आवाज आता वेगळाच झाला होता. तो मारत होता आणि विनवत होता.

"नाय सोडणार."

मोबाईल धरलेला हमाल कंटाळला. "हा मारणारा नाय रे," तो म्हणाला. "चल. नमाज सुटेल."

इक्बाल आला तेव्हा उत्तम अजून तसाच होता. बोटं सोडवायला इक्बालला एकेक करून उघडावी लागली. त्याने ओल्या फडक्याने रक्त पुसलं, करंगळीला आइस्क्रीमची काडी बांधली. बांधता बांधता त्याने कोल्ड स्टोअरच्या दरवाज्याची गोष्ट सांगितली. एवढे दिवस पोटात ठेवलेली.

"हे आधी का नाय सांगितलंस, इक्बालभाई?"

"कंपनीने मला साक्षीदार केलंय, उत्तम. त्यांचा. मी बघितलं असं सांगायचं, तू मारलंस म्हणून." इक्बाल फडकं पिळत राहिला. "माझा व्हिसा त्यांच्या हातात. पोरगा जिब्रान बारावीला. बायकोचं ऑपरेशन व्हायचंय. मी काय करू, तूच सांग."

उत्तमला रागावायचं होतं, पण बरगड्या दुखत होत्या आणि समोरचा माणूस त्याची करंगळी बांधत होता.

"तुला जमेल तेवढं बोल," तो म्हणाला. "पण बघितलं नाय ते बघितलं म्हणू नकोस."

सोमवारी लेबर ऑफिसात एका लांब टेबलाच्या एका बाजूला उत्तम बसला, समोर कौशिक, जनार्दन आणि इक्बाल. मधोमध अधिकारी. पन्नाशीचा ओमानी माणूस, अंगात पायघोळ पांढरी डिशडाशा, चष्मा दोरीला अडकवलेला. तो बाजारी हिंदी चांगलं बोलत होता. त्याने उत्तमचं सुजलेलं तोंड पाहिलं.

"यह कब हुआ?"

"शुक्रवार को, साहब."

"किसने किया?"

उत्तमने जनार्दनकडे पाहिलं. कौशिक लगेच म्हणाला, "सर, ही इज अ फायटर. रोज किसी से झगडा. यही हमारा केस है." आणि त्याने पिशवीतून हूक काढून टेबलावर ठेवला. "इसी से मारा. खून अभी तक लगा है."

निळी चिंधी. टोकाशी आणि दांड्यावर सुकलेला लाल डाग.

सात जणांपैकी इथे दोघंच होते, आणि दोघांनाही तो डाग काय आहे ते माहीत होतं. उत्तमने तोंड उघडलं, पण अधिकाऱ्याने हात वर केला. "तुम बाद में. पहले साक्षी." तो इक्बालकडे वळला. "तुमने देखा?"

कौशिकने टेबलाखाली इक्बालच्या पायावर पाय ठेवला. उत्तमला ते दिसलं.

"साब," इक्बाल म्हणाला, "वो दिन ये लोग का हूक हाथ में होताच नहीं."

"मतलब?"

"वो दिन ये लोग हूक की पूजा करते. दूसरे दिन तक छूते नहीं. हम लोग खींचते उस दिन. ईद को ये लोग खींचते, हम छुट्टी." आता तो थांबू शकत नव्हता. "ये खून नहीं है साब. पूजा का कुमकुम है."

कौशिकने दचकून हुकाकडे पाहिलं. मग जनार्दनकडे. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. आयुष्यात त्याने खंडेनवमी पाहिली नव्हती.

अधिकाऱ्याने पाण्याच्या ग्लासात कागदी रुमाल बुडवला आणि दांड्यावर घासला. रुमालावर केशरी-लाल रंग उतरला. चिंधीच्या घडीतून तांदळाचा एक दाणा टेबलावर पडला. त्याने तो बोटाच्या टोकावर घेऊन पाहिला आणि जनार्दनच्या पुढ्यात ठेवला.

"यह तुम्हारा खून है?"

जनार्दन दाण्याकडे बघत राहिला. कपाळावर घाम आला, खपलीच्या कडेने वाहू लागला.

"बोल, हो म्हण," कौशिक दातांतून म्हणाला.

"जनार्दन," उत्तम म्हणाला, "त्या दिवशी सातही हुकांना कुंकू कोणी लावलं?"

"मी लावलं," जनार्दन म्हणाला. अधिकाऱ्याकडे न बघताच. "नाय साहेब. खून नाय ते. कुंकू हाय, मीच लावलं." आणि एकदा तोंड उघडल्यावर ते बंद होईना. "माझा हूक मी उचलला. पाटावरून. दादाला मी मारलं. कपाळ मी फोडलं दरवाज्यावर, ह्याने उभं राहून फोडून घेतलं..."

कौशिक उठला आणि त्याने जनार्दनच्या तोंडात मारली. फाडकन. ज्या माणसासाठी जनार्दनने तीनदा डोकं आपटलं होतं त्याच माणसाने, सगळ्यांसमोर.

"साला, नमकहराम!"

जनार्दनचा हात टेबलावर गेला. हूक उचलला गेला तो इतक्या वेगाने की अधिकाऱ्याची खुर्ची मागे पडली. इक्बाल ओरडला. कौशिक भिंतीला चिकटला आणि त्याने हात डोक्यावर घेतले. उत्तम टेबलावरून पुढे झेपावला. शुक्रवारी त्याने जो हात खाली ठेवला होता तो आता वर आला, आणि खाली येणारं टोक त्याने उघड्या तळव्यावर झेललं.

टोक तळव्यातून आरपार गेलं नाही, पण हाडापर्यंत गेलं. उत्तम किंचाळला, तरी त्याने मूठ वळली आणि हूक धरून ठेवला. जनार्दन ओढत होता, उत्तम सोडत नव्हता. रक्त मनगटावरून, निळ्या चिंधीवरून, टेबलावरच्या कागदांवर टपटपत होतं. मग दोन शिपाई आत आले आणि त्यांनी जनार्दनला मानगुटीला धरून फरशीवर दाबलं. त्याने प्रतिकार केला नाही. फरशीवर गाल टेकून तो "दादा, दादा" एवढंच म्हणत होता.

अधिकाऱ्याने खुर्ची सरळ केली. टेबलावर हूक पडला होता. एका बाजूला रुमालाने ओलं झालेलं कुंकू, दुसऱ्या बाजूला खरं रक्त. दोन्ही लाल. पण आता ती शेजारी शेजारी होती आणि कोणालाही फरक कळला असता. त्याने चष्मा लावला आणि लिहायला घेतलं. बराच वेळ तो लिहीत राहिला.

शेवटी त्याने हिंदीत सांगितलं की कंपनीचं उत्तर आपण मान्य करत नाही, कोर्टात कागद जाईल तो ह्या सगळ्यासह जाईल, आणि त्यात लिहिलं जाईल की अर्जदाराने हात उचलला तो फक्त वार अडवायला. मग तो उत्तमला म्हणाला, "इस आदमी पर शिकायत करोगे? पुलिस आ रही है."

शिपायाने जनार्दनला उभं केलं होतं. तो उत्तमकडे बघत नव्हता.

"हां," उत्तम म्हणाला. "लिखो साहब. उसने मारा वो भी लिखो, और किसने मारने को बोला वो भी लिखो. दोनों."

कौशिक इंग्रजीत काहीतरी भराभर बोलू लागला. अधिकाऱ्याने त्याला खाली बसायला सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर ऊन चटके देत होतं. इक्बालने डोक्याचा रुमाल सोडून उत्तमच्या तळव्याला गुंडाळला. शुक्रवारी एक हात, आज दुसरा.

"मला एक कळलं नाय," तो म्हणाला. "त्या कौशिकला कशाला वाचवलंस? पडले असते दोन टाके."

"त्याला कोण वाचवतो? हूक त्याच्या डोक्यात बसला असता तर कागदावर काय आलं असतं? कामगारांनी मॅनेजरला ऑफिसात मारलं. मग कुंकू आणि तांदूळ कोणी बघितला असता?" उत्तम पायरीवर बसला. "आणि जनार्दन जन्मभर आत सडला असता. तसाही जाईल, पण परत येईल."

रस्त्यावरून कलिंगडांनी भरलेला एक पिकअप मवालेहच्या दिशेने गेला.

"मला उद्या काढतील," इक्बाल म्हणाला.

"काढतील."

"माझ्या अर्जावर पण असंच उत्तर देतील. हल्ला, चोरी, काहीतरी."

"देतील," उत्तम म्हणाला. "तेव्हा मी येईन. मी काय बघितलं ते सांगायला." आणि बांधलेला हात त्याने छातीशी धरला, रक्त थांबावं म्हणून.